दुसरा अर्धा कागद

गेल्या संक्रांतीला आमच्या ऑफिसात सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर एक फाइल आली. फाइलला कुलूप होतं, म्हणजे उघडायला गेलं की पासवर्ड मागायची. पासवर्डचा पहिला अर्धा भाग रिसबुडांनी प्रत्येकाला फोन करून सांगितला आणि दुसरा अर्धा टेबलाशी येऊन, कानाजवळ वाकून. एवढं सगळं करून फाइल उघडली तर आत एकच ओळ: 'तिळगूळ दुपारी चार वाजता कॅन्टीनमध्ये मिळेल.'

"अहो रिसबूड, तिळगुळाला कसलं कुलूप?" मी विचारलं.

"सवय, पानसेबाई. आज तिळगूळ उघडा पाठवलात, उद्या ड्रॉइंग उघडं पाठवाल."

आमचा कारखाना वाघोलीत. मोठ्या कंपन्यांना लागणारे साचे आम्ही बनवतो. ड्रॉइंग त्यांची, मेहनत आमची. एका गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग दुसऱ्याच्या नजरेला पडलं तर दोन्ही गिऱ्हाइकं जातात. मी तिथं हजेरी, रजा, पत्रव्यवहार आणि गळक्या टाक्या बघते. रिसबूड ड्रॉइंग सांभाळतात, तीस वर्षं. पूर्वी ती ट्रेसिंगच्या कागदावर असत, सहा लोखंडी कपाटांत, आणि किल्ल्यांचा जुडगा रिसबुडांच्या कमरेला. मग सगळं कॉम्प्युटरवर गेलं, कपाटं भंगारात गेली. त्यानंतर कितीतरी दिवस हा माणूस चालता चालता रिकामी कंबर चाचपायचा.

पुढे गिऱ्हाइकांनीच हट्ट धरला की आमच्या फाइली एन्क्रिप्ट करून ठेवा. मालकांनी सॉफ्टवेअर आणलं. इंजिनिअर मंडळी कुरकुरली. रिसबुडांनी मात्र माहितीपुस्तिकेची प्रिंट काढून घरी नेली, आठ दिवसांनी परत आणली आणि जाहीर केलं, "हे कपाटच आहे की!" एन्क्रिप्शन हा शब्द त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलेला नाही. कुलूप, किल्ली आणि अगदीच रागावले तर कडी.

"तुमचा पासवर्ड काय, नवऱ्याचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन?" त्यांनी मला विचारलं होतं.

मी हजेरीचं रजिस्टर उघडलं.

"म्हणजे कुलूप नाही, नुसती कडी. मांजरसुद्धा उघडेल."

स्वतः टाइप करताना ते जेवणाच्या डब्याचा नॅपकिन कीबोर्डवर पसरायचे आणि त्याखाली हात घालून, बराच वेळ, काहीतरी पुटपुटत पासवर्ड टाकायचे. आमचा स्टोअरवाला गायकवाड, वाघोलीचाच, त्याला हे बघवायचं नाही. "काका, पासवर्ड हाय का सत्यनारायणाची पोथी? प्रसाद कवा?"

"पोथी संपेपर्यंत हात जोडून बसा, मग मिळेल," रिसबूड नॅपकिनवरची नजर न काढता म्हणायचे.

प्रिंटरवर त्यांनी पाटी लावली होती: 'प्रिंट काढून इथेच विसरणाऱ्यांनी डोकेही सोबत ठेवावे. संध्याकाळी एकत्र नष्ट करण्यात येईल.' दोघांना राग आला. प्रिंट विसरणं मात्र थांबलं.

त्यांची एक गोष्ट मला पटायची. चालू कामाच्या फाइली इंजिनिअरांना उघडता येत, पण जुन्या फाइलींची किल्ली एकट्या रिसबुडांकडे. त्यांना काही झालं तर म्हणून सॉफ्टवेअरनं चाळीस अक्षरांची एक राखीव किल्ली दिली होती. ती त्यांनी कागदावर छापली, कात्रीनं मधोमध कापली, एक अर्धा कागद पाकिटात घालून माझ्याकडे दिला आणि दुसरा कसबा पेठेत स्वतःच्या घरी नेला.

"ऑफिसातच ठेवा की," मी म्हटलं.

"दोन्ही अर्धे एका छपराखाली? मग किल्ली कुलपालाच लटकवून जाऊ या ना. एकट्या माणसावर भरवसा ठेवू नये, बाई. स्वतःवरसुद्धा."

फेब्रुवारीत एका सोमवारी रिसबूड आले नाहीत. तीस वर्षांत न कळवता पहिल्यांदा. दुपारी त्यांचाच फोन आला, आवाज बारीक. सकाळी छातीत दुखायला लागलं, रिक्षा करून एकटेच हॉस्पिटलमध्ये गेले, आता अँजिओप्लास्टी होणार होती. "रजेचा अर्ज नंतर देईन," म्हणाले.

मंगळवारी आमच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाचा निरोप आला. बारा वर्षांपूर्वीचा एक पंपाचा साचा त्यांना पुन्हा हवा होता. त्यांची माणसं गुरुवारी सकाळी येणार, ड्रॉइंग समोर ठेवा. ड्रॉइंग कुलपात. आदल्याच वर्षी रिसबुडांनी सगळी जुनी ड्रॉइंग त्या कुलपात भरून टाकली होती.

मालक लालबुंद झाले. "गुरुवारी फाइल उघडली नाही तर ही सगळी कुलपं काढून टाकायची. आणि रिसबुडांना म्हणावं, बरे झालात की घरीच बसा. एका माणसाच्या खिशात कंपनी ठेवायची नाही मला."

"दोन माणसांच्या खिशात आहे," मी म्हटलं. "दुसरी मी."

बुधवारी सकाळी हॉस्पिटल गाठलं. रिसबूड पडून होते, दाढी वाढलेली. मी मालकांचं बोलणं निम्मं गाळून सांगितलं. उरलेलं निम्मं त्यांनी ओळखलं असावं, कारण चादरीची कड बोटांनी सारखी करत राहिले.

"तुमचा रोजचा पासवर्डच सांगा ना," मी म्हटलं. "कसब्यात कशाला धाडता?"

"पासवर्ड सांगायचा नसतो."

"नियम कोणी केला?"

"मी. दोन अर्धे कशासाठी केलेत? ते वापरा." मग नर्सकडे वळून, "सिस्टर, जरा बाहेर थांबता?" ती गेल्यावर उशीखालून त्यांनी घराची किल्ली काढली. "कपाट, वरचा कप्पा, खाकी पाकीट."

"घरी कोण असेल?"

"कुलूप."

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. खालून तांब्यावर हातोड्या पडल्याचा आवाज येत होता. दाराच्या आतल्या बाजूला त्यांच्याच अक्षरात पाटी: 'गॅस? नळ? चष्मा? मग निघावे.' ओट्यावर एक कप पालथा. मला दुसऱ्याच्या घरात रेंगाळायची हौस नाही. सरळ कपाट उघडलं.

वरच्या कप्प्यात खाकी पाकिटं दोन होती. एकावर 'ऑफिस', दुसऱ्यावर 'घर'. ऑफिसचं उचललं. घरचं उघडायचा प्रश्नच नव्हता, आणि गरजही नव्हती. जे काही होतं ते बाहेरच लिहिलं होतं.

'दुसरा अर्धा कागद कोणाकडे:
१. अक्का
२. शरद
३.'

अक्कांच्या नावावर पट्टी धरून रेघ मारली होती. शरदच्या नावावरही. घरचीच माणसं असावीत, आता नसलेली. तीनपुढे पेन्सिलनं काहीतरी लिहून खोडलं होतं, बहुतेक एकापेक्षा जास्त वेळा, कारण तिथला कागद विरला होता. पाकीट जाड होतं. आत घरच्या कुठल्याशा पासवर्डचे दोन्ही अर्धे असावेत.

मी ते होतं तसं ठेवलं. गॅस, नळ बघितला आणि निघाले.

दुपारी ऑफिसात दोन अर्धे शेजारी ठेवून मी चाळीस अक्षरं टाकली. गायकवाड मागे उभा राहून वाचायला लागला, तेव्हा त्याला चहा आणायला पाठवलं. फाइल उघडली. गुरुवारी माणसं आली, ड्रॉइंग बघून, काम देऊन गेली. मालक मला म्हणाले, "बरं झालं, नाही का?" मी म्हटलं, "हे रिसबुडांना सांगा." त्यांनी फोन केला. कुलपं राहिली आणि रिसबूडही.

संध्याकाळी मी हॉस्पिटलमध्ये गेले. रिसबुडांचा पहिला प्रश्न: "परत कुलूप घातलंत ना?"

"घातलं."

"गायकवाड कुठे होता?"

"चहा आणायला."

त्यांनी मान हलवली. इतकी शाबासकी त्यांनी इंजिनिअरांनाही कधी दिलेली नाही.

मी पर्समधून त्यांच्या घराची किल्ली काढून पुढे केली. ते तिच्याकडे बघत राहिले. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "वरच्या कप्प्यात दोन पाकिटं होती."

"होती. मी एकच घेतलं."

"ते मला माहीत आहे." त्यांनी मानेनंच ती परत पर्समध्ये ठेवायची खूण केली. "किल्ली तुमच्याकडेच राहू द्या, पानसेबाई. दुसरी माझ्याकडे आहे. चालेल ना?"

"चालेल की," मी म्हटलं. आणखी काय म्हणणार? भेटायची वेळ संपत आली होती आणि मला बस गाठायची होती.

बसस्टॉपवर उभी राहिले आणि पर्सची चेन नीट लागली आहे ना, ते पाहिलं. बस येईपर्यंत पुन्हा एकदा पाहिलं.