पिकअप बोलतोय

वहिनींचं नवं वॉशिंग मशीन दुसऱ्या मजल्यावर चढवून झालं, तेव्हा नानांचा फोन सापडेना. त्यांनी खिसे चाचपले, खाली जाऊन पिकअपच्या हौद्यात वाकून पाहिलं, सीटखाली हात घातला. शेवटी धापा टाकत पुन्हा वर आले.

"वहिनी, जरा रिंग द्या बरं."

वहिनींनी रिंग दिली आणि फोन मशीनच्या पोटातून वाजू लागला. नाना हसलेही असते, पण त्यांची नजर वहिनींच्या हातातल्या स्क्रीनवर गेली. तिथे ना 'नाना' होतं, ना 'भावोजी'. तिथे लिहिलं होतं, 'पिकअप'.

"हे काय, वहिनी?"

"अहो भावोजी, ते तुमच्या भावानंच घातलंय. गरजेच्या वेळी चटकन सापडावं म्हणून!"

सख्ख्या भावानं! नाना चहा न घेताच उतरले.

नानांचं लग्न राहून गेलं होतं. त्यांनी कुणाला विचारलं नाही, त्यांना कुणी विचारलं नाही, आणि एके दिवशी पाहतात तो कारखान्यातून निवृत्तही झाले होते. घरात दोन खोल्या, दोन खुर्च्या, आणि त्यातली एक कायम कपडे वाळत घालायला. मग त्यांनी ही जुनी पिकअप घेतली आणि चमत्कार झाला. फोन वाजू लागला. आज कुणाचं कपाट, उद्या कुणाचा फ्रीज, परवा कुणाच्या सबंध बिऱ्हाडाची हलवाहलव. नाना कुरकुरत जात, पण जात. काम झालं की लोक म्हणत, "नाना, तुम्ही होता म्हणून." नानांना ते खरं वाटे. आता कळलं, ते नव्हतेच. गाडी होती.

दुसऱ्या दिवशी ते गॅरेजवाल्यापुढे उभे राहिले.

"हिचं असं काहीतरी कर, की हिच्यात कुणाला साधी उशीसुद्धा चढवता येऊ नये."

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं गॅरेजवाल्याचं झालं. "म्हणजे डोंगरदऱ्यांची गाडी करायची! आधी सांगायचं ना, काका. एकटेच फिरणार?"

"एकटाच."

"मग विंच तर पाहिजेच. पुढे मोटर, तिला लोखंडी दोर. कुठे अडकलात तर गाडी स्वतःच स्वतःला ओढून काढते. कुणाचे पाय धरायला नकोत."

हे शेवटचं वाक्य नानांना फार आवडलं. गाडी परत आली ती वीतभर उंच होऊन. टायर असे, की त्यांच्यापुढे नाना उभे राहिले तर नानाच सुटे भाग वाटावेत. हौद्यावर पिंजरा, पिंजऱ्यात अवजारांची पेटी, टपावर दिव्यांची रांग, आणि पाण्यातून जाताना इंजिनाला श्वास घेता यावा म्हणून काचेच्या कडेनं वर गेलेलं लांबलचक नाक. एकच अडचण होती. नानांना आत चढता येईना. त्यावर त्यांनी स्टुलाला दोरी बांधली. स्टुलावरून चढायचं, आत बसायचं आणि मग विहिरीतून पाणी शेंदावं तसं स्टूल वर ओढून घ्यायचं.

फोन आले. "नाना, एक सोफा होता..."

"गाडी आता मालाची राहिली नाही," नाना ऐटीत सांगत. "डोंगराची झाली."

ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. मग फोन थांबले.

पहिले काही दिवस नानांना ही शांतता मानवली. मग ते ग्रीस लावू लागले. जिथे ग्रीस लागतं तिथे लावलं, जिथे लागत नाही तिथेही लावलं. रोज ऑइल तपासायचं, रोज नटबोल्ट आवळायचे. आवळून आवळून एक बोल्ट तुटला, तेव्हा गॅरेजवाल्याकडे जायला निमित्त मिळालं म्हणून त्यांना बरंच वाटलं. एकदा तर त्यांनी फोन कंपनीला फोन करून आपला फोन चालू आहे ना, अशी चौकशी केली. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "चालू आहे, सर. आणखी काही मदत हवी आहे का?" नानांना हवी होती, पण काय ते सांगता येईना.

शेवटी गाडी डोंगराची केलीच आहे तर डोंगरात न्यावी, म्हणून एका दुपारी ते निघाले. डोंगर लांब होता आणि वाटेत कोरडं नदीपात्र होतं. नानांनी पात्रात गाडी घातली. ती ऐटीत चालली, मग हळू चालली, मग चालेना. नानांनी जोर दिला. वाळूत जोर देऊ नये हे त्यांना ठाऊक नव्हतं. चारही चाकं अंगाई म्हटल्यासारखी खाली खाली गेली, आणि वीतभर वाढवलेली उंची नदीनं परत घेतली. आता स्टुलाशिवाय उतरता येत होतं.

त्यांनी गॅरेजवाल्याला फोन लावला. तो कुणाच्या तरी लग्नात होता.

"विंच आहे ना, काका? दोर झाडाला बांधा."

"इथे झाड नाही."

"मग मोठ्या दगडाला."

"वाळू आहे नुसती."

"मग दुसऱ्या गाडीला. दोराच्या पलीकडे काहीतरी लागतंच, काका. बरोबर कोण आहे?"

नानांनी शेजारच्या मोकळ्या सीटकडे पाहिलं. पलीकडे बँड वाजत राहिला.

आता पाय धरायची वेळ आली होती. पण कुणाचे? भाऊ? चटकन सापडावं म्हणणाऱ्यासमोर हात पसरायचे? त्यापेक्षा वाळू बरी. नाना फोनमधली नावं चाळू लागले आणि चाळता चाळता त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. 'फ्रीज'. 'कपाट तिसरा मजला'. 'गादी ओली'. 'सोफा दारात अडकला'. आणि या सगळ्यांच्या खाली, 'वहिनी माळा साफ'. एकही धड नाव नव्हतं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, दुसरं काय!

त्यांनी 'फ्रीज'ला फोन लावला आणि आपलं पूर्ण नाव सांगितलं.

"कोण?"

नानांनी पुन्हा नाव सांगितलं.

"राँग नंबर असेल हो. चष्म्याशिवाय स्क्रीनवरचं नाव दिसत नाही मला."

"पिकअप बोलतोय."

"अहो पिकअप! आधी सांगायचं ना! कुठे आहात? इतक्यात दिसला नाहीत!"

त्या "दिसला नाहीत"नं नानांना हुरूप आला. मग त्यांनी 'कपाटा'लाही फोन लावला, चाकांखाली घालायला फळ्या मिळतील का म्हणून.

"फळ्या?" ती बाई म्हणाली. "तुम्ही आणलेल्या कपाटाच्याच आहेत की. काढते."

तासाभरात फ्रीज आपल्या चिमुकल्या मोटारीतून कपाटाला घेऊन आला. फ्रीज म्हणजे उंच, किडकिडीत, ट्रान्झिस्टर दुरुस्त करणारा गृहस्थ. कपाट म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या ग्रंथपाल बाई, गुडघे दुखणाऱ्या. उत्साहाच्या भरात फ्रीजनं मोटार थेट पात्रात घातली आणि तीही रुतली.

"आता आपण दोघं झालो," तो आनंदानं म्हणाला.

फळ्या चाकांखाली गेल्या. बाईंनी स्टुलावर बसून हुकूम सोडले, फ्रीजनं मागून ढकलताना मूठभर वाळू खाल्ली, आणि पिकअप गुरगुरत काठाच्या कडक जमिनीवर आली. मग नानांनी विंचचा दोर सोडला आणि त्याचा हुक फ्रीजच्या मोटारीला अडकवला. पहिल्यांदाच त्या दोराला दुसरं टोक मिळालं. मोटार अलगद वर आली. तिघांनी टाळ्या वाजवल्या.

निघताना नानांनी दोघांची नावं विचारून घेतली आणि आडनावासकट फोनमध्ये घातली.

पुढल्या रविवारी फोन वाजला. स्क्रीनवर कुणा बाईचं पूर्ण नाव होतं. नानांना काही ओळख लागेना.

"आपण कोण?" त्यांनी अदबीनं विचारलं.

"अहो, मी कपाट!"

"मग असं सांगा ना! काय आणायचंय? पिंजरा काढून ठेवतो, तासाभराचं काम..."

"गाडी कशाला? तुम्ही या नुसते. चहा ठेवलाय."

नानांनी इस्त्रीचा शर्ट काढला. गाडीकडे ढुंकूनही न पाहता ते पायी निघाले. आपल्याला कुणी गाडीशिवाय बोलावलं, हे त्यांनी वाटेत स्वतःला दोनदा सांगितलं. तिसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. फळ्या पुन्हा बसल्या होत्या, एका फळीला अजून वाळू होती.

"बरं झालं आलात," बाई म्हणाल्या. "चहा होईस्तोवर हे कपाट त्या भिंतीला सरकवू या का? केव्हाची ढकलतेय. एकटीला नाही हो जमत, पलीकडून धरायला कुणीतरी लागतंच."

नानांनी इस्त्रीच्या बाह्या दुमडल्या.

"सांगा," ते म्हणाले, "मी कुठल्या बाजूला येऊ?"