तीन टेबलं, सव्वीस माणसं

गेली अकरा वर्षं मी एकच काम करतो: एखादा प्रश्न संगणकालाही का झेपत नाही, हे सिद्ध करणं. याचा पगार मिळतो हे सासरी कुणालाच पटत नाही. म्हणून सासऱ्यांच्या पंचाहत्तरीच्या जेवणात कुणाला कुठे बसवायचं हा प्रश्न निघाला, तेव्हा मी छाती ठोकून म्हणालो, "माझ्यावर सोपवा!"

जोखीम होती. नऊ वर्षांनी सगळे एकत्र येणार होते, सासऱ्यांची तेवढीच इच्छा होती. एका टेबलावर चुकीची जोडी बसली की संपलंच!

"माणसं सव्वीस, टेबलं तीन," बायको म्हणाली.

"अरेरे! दोन असती तर चुटकीसरशी सांगितलं असतं."

"टेबलं वाढली की सोपं होतं ना?"

"तसं सगळ्यांना वाटतं! तीन झाली की भलेभले हात टेकतात. माझा त्यावर प्रबंध आहे."

"प्रबंध नको, यादी दे. शनिवारपर्यंत."

मी एकेकाला फोन लावला. "कुणाच्या टेबलावर बसायला आवडणार नाही? सगळं गुप्त राहील." लोक जे सुटले! थोरल्या मावशींनी चार नावं दिली. मेव्हण्याने स्वतःच्या बायकोचंच नाव दिलं आणि वर म्हणाला, "लिहू नका हं." मी लिहिलं. अर्धवट माहितीवर काम करणं माझ्या रक्तात नाही!

प्रत्येक माणसाचा एक ठिपका, न पटणाऱ्या दोघांमध्ये रेघ. चोख काम! आता आमच्या क्षेत्रात कुठलंही काम चार जणांकडून तपासून घेतल्याशिवाय पुढे नेत नाहीत. मी आकृती नावांसकट कुटुंबाच्या ग्रुपवर टाकली: "चुका आढळल्यास कळवावे." गुप्तता पाळलीच होती की! रेघेवरून कुणी कुणाचं नाव घेतलं ते थोडंच कळतं?

पाचव्या मिनिटाला थोरल्या मावशींचा फोन. "मी चार नावं दिली, माझ्या रेघा अकरा कशा?"

मी पुन्हा मोजल्या. अकराच होत्या.

"म्हणजे सात जण! थांबा, एकेकाला बघते!"

मग सगळ्यांनीच वजाबाकी केली. मेव्हण्याच्या बायकोला तर तेवढीही करावी लागली नाही. तिने कुणाचंच नाव दिलं नव्हतं आणि तिला एकच रेघ होती. तासाभरात मेव्हणा बॅग घेऊन आमच्या दारात उभा!

संध्याकाळी सासऱ्यांनी हळूच विचारलं, "जावईबापू, येतंय का हो कुणी?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी बायको फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. दोन तासांनी हातात यादी घेऊन बाहेर आली. "सगळे येतायत. कुठेही, कुणाच्याही शेजारी बसायला तयार आहेत. दादा वहिनीजवळ बसणार आहे."

"अशक्य! इतक्या रेघा..."

"पुसल्या. आता सगळ्यांची एकच अट आहे. तू त्यांच्या टेबलावर नकोस."

"सगळ्यांची? किती जण?"

"पंचवीस."

"काहीतरी चुकतंय. सव्वीसांतून तुला आणि मला वजा केलं, तर चोवीसच उरतात!"

बायको शांतपणे यादीची घडी घालत राहिली.