एक कप, बरोबर दोनशे चाळीस ग्रॅम

कचेरीच्या उपाहारगृहातल्या पाककृती कपांत लिहिलेल्या आहेत, ही गंभीर बाब सोमवारी प्रमाणीकरण विभागाच्या लक्षात आली. तिथल्या आचारीणबाई या विभागाच्या साहेबांच्या सख्ख्या आत्या, म्हणून अख्खी कचेरी त्यांना आत्याच म्हणे. सव्वीस वर्षं केक करणाऱ्या या आत्यांना नोटीस मिळाली. शुक्रवारच्या तपासणीपर्यंत सर्व कृती ग्रॅममध्ये आणाव्यात. अन्यथा स्वयंपाकघराला सील आणि आचारीणबाईंना घरचा रस्ता.

"अरे, कपभर मैदा भरतो सव्वाशे ग्रॅम, साखर दोनशे," आत्या म्हणाल्या. "जिन्नस तसं वजन. लिहून देते."

"कप एकच ना? मग वजनं वेगवेगळी कशी?" साहेब कळवळले. "वरचे मला उभा चिरतील, आत्या!"

विभागाने कपात पाणी भरून तोललं. दोनशे चाळीस ग्रॅम. पाण्याविरुद्ध कुणाचीच तक्रार नसल्याने हाच आकडा सर्व पदार्थांना लागू झाला.

मंगळवारी आत्यांनी तीन कप मैद्याऐवजी नियमानुसार सातशे वीस ग्रॅम मैदा घातला. केकवर सुरी चालेना. अभिलेख शाखेचं दार वाऱ्याने आपटायचं. तिथल्या कारकुनांनी करवतीने कापलेले दोन तुकडे दाराला लावायला मागून नेले. चौकशीत दोष मैद्याचा निघाला: कपामागे एकशे पंधरा ग्रॅमची तूट. पुरवठादाराला बोलावण्यात आलं.

"साहेब, मैदा हलकाच असतो हो."

"कधीपासून?"

पुरवठादाराला तारीख सांगता आली नाही. मग दोन शिपायांनी पाळीपाळीने कपातला मैदा अंगठ्यांनी दाबला. एकशे नव्वदवर मैदा अडला आणि कपाचा कान तुटला.

बुधवारी सूप होतं. मूळ कृतीत चाळीस कप पुदिन्याची पानं, म्हणजे आता नऊ किलो सहाशे ग्रॅम. पुदिना टेम्पोतून आला. सूप वाढायला डाव पुरेना, उलथनं लागलं. जेवलेली माणसं लिफ्टमध्ये शिरली की आधीची माणसं डोळे पुसत बाहेर पडत. तिसऱ्या मजल्यावरच्या टंकलेखिकेची जुनाट सर्दी पार गेली. ते यश विभागाने आपल्या अहवालात घेतलं.

गुरुवारी जेवणाऱ्या तीनशे जणांनी ताटं आपटली. आत्यांनी दारावर कागद लावला: 'मैदा पाण्याइतका जड नसतो. ज्यांना पटतं त्यांनी सही करावी.'

"अगदी मनातलं लिहिलंत, आत्या!" आवक-जावक कारकून म्हणाला.

"मग कर सही."

"पेन नाही हो."

"खिशाला काय लावलंयस?"

"ते कार्यालयीन आहे. असल्या कामाला कसं वापरू?"

मागचा म्हणाला, "माझ्या बढतीचं चाललंय." त्याच्या मागचा म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, आम्ही आहोतच." आणि सगळे खरंच मागे होते, थेट जिन्यापर्यंत.

शुक्रवारी आत्यांनी कान तुटलेला कप काढला आणि पूर्वीसारखा केक केला. तपासणी पथकाने बशा चाटूनपुसून साफ केल्या आणि शेरा मारला: 'चव उत्कृष्ट. कृती नियमबाह्य.' स्वयंपाकघराला सील लागलं.

"मी काय करणार, आत्या?" साहेब हळूच म्हणाले. "हरकती शून्य आल्या. म्हणजे मैदा जड आहे, हे सर्वांना मान्य आहे. बरं, रविवारी हिचा वाढदिवस आहे. घरी करशील ना केक? कपानेच कर हं."

"करीन की," आत्या म्हणाल्या. "दोनशे चाळीसने."

आता हा आकडा घरोघरच्या स्वयंपाकघरांना लागू होतो आहे. हरकतींची मुदत आज पाचपर्यंत आहे. हे वाचताना आत्यांच्या बाजूने आपण मान डोलावलीत, ते बरं केलंत. फक्त मान डोलावलेली कागदावर उमटत नाही.