आण्णांची खंडाळ्याची डबी

आण्णा चौगुल्यांच्या घरात कुठलीच वस्तू भिंतीला टेकत नाही. कपाट भिंतीपासून हातभर पुढे, पलंग हातभर पुढे आणि फ्रीज तर इतका पुढे की पाहुण्यांची पोरं त्याच्यामागे लपंडाव खेळतात. कॅलेंडरसुद्धा खिळ्याला नाही. छताच्या हुकाला दोरी बांधून ते खोलीच्या मधोमध सोडलंय. पंखा लावला की ते गरगर फिरतं आणि तारीख बघायची तर आधी त्याला दोन्ही हातांनी धरावं लागतं. कुणी कारण विचारलं की आण्णांचं उत्तर ठरलेलं, "हवा खेळली पायजे."

हे वाक्य त्यांनी हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर कमावलंय. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार. आण्णांनी सगळा जन्म व्यापाऱ्यांची हळद त्यात उतरवली आणि वर काढली. पेव उघडलं की कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत आत पाय टाकायचा नसतो. हे त्यांच्यात इतकं मुरलंय की चिवड्याचा डबा उघडला तरी ते दोन पावलं मागे सरून जरा थांबतात.

आमचा स्टुडिओ त्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर आहे. स्टुडिओ म्हणजे मी, बाळासाहेब आणि आणखी दोघं एडिटर, चार कॉम्प्युटर आणि सांगली-साताऱ्याकडची लग्नं. फुटेज सगळं सुट्या हार्डडिस्कवर असायचं आणि दिवसभर "डिस्क कुणाकडाय?" याच्या आरोळ्या चालायच्या. एकदा कडेगावच्या एका लग्नाची डिस्क जिन्यावर बाळासाहेबांच्या हातून सुटली आणि पायऱ्या मोजत खाली गेली. मुलीचे वडील आले, शांतपणे खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मग आता काय, अक्षता परत टाकायच्या का?" मला तोंड वर करवेना. असं आणखी एकदा झालं असतं तर आम्हाला स्टुडिओला कुलूपच घालावं लागलं असतं.

म्हणून आम्ही सर्व्हर घ्यायचं ठरवलं. सगळं फुटेज एकाच डब्यात, चारी कॉम्प्युटर केबलनं त्याला जोडलेले, ज्याला जे हवं ते त्यानं जागेवरून उघडावं. मी कागदावर आराखडा काढत होतो तेवढ्यात आण्णा पाण्याच्या टाकीचं सांगायला वर आले. त्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला.

"माल किती? ठेवणार कुठं? आत-भाईर कोण करणार?"

मी आठवडाभर यूट्यूब बघत होतो, पण हे तीन प्रश्न मला सुचले नव्हते. आण्णांनी कानामागचा खडू काढला, फरशीवर बसकण मारली आणि रेघा ओढायला लागले. कच्चं फुटेज एका कोपऱ्यात, चालू काम मध्ये, तयार व्हिडिओ दाराशी. प्रत्येक लग्नावर गाव, आडनाव आणि तारीख. सर्व्हर खाली ठेवायचा नाही, कृष्णेचा भरवसा नाही. वर ठेवायचा, आणि अर्थातच भिंतीपासून हातभर लांब.

"आनि कच्च्या मालाची किल्ली समद्यांकडं द्यायची न्हाई. बघायचं समद्यांनी, हलवायचं एकानं."

"आण्णा, आपलीच माणसं आहेत," मी म्हणालो आणि चौघांनाही सगळे अधिकार देऊन टाकले. तिथंच माझी अक्कल शेण खायला गेली होती.

शेजारी दुसरा डबा ठेवला. तो तासातासाला पहिल्याची हुबेहूब नक्कल करायचा. मला वाटलं, झालं. आण्णांना मात्र तिसरी प्रत हवी होती, तीही गावाबाहेर. एका पेवात पाणी शिरलं तर शेजारचं पेव कोरडं राहत नाही, हा त्यांचा अनुभव. ते मला पटलं.

"मग कडेगावला ठेवू. माझा मावसभाऊ आहे तिथं."

"कडेगाव लय जवळ. हितला पाऊस तोच तितला."

"कराड?"

"तितं बी कृष्णाच की रं."

"विटा?"

"विट्याला धूळ."

"मग कुठं?"

"खंडाळा," आण्णा छताकडं बघत म्हणाले. "उंचावर हाय. हवा खेळती."

सातारा जिल्ह्याच्या पार टोकाच्या या खंडाळ्यात त्यांची मुलगी सुजाता दिली होती. म्हणजे दर महिन्याला एक डिस्क घेऊन सबंध सातारा जिल्हा ओलांडायचा आणि आधीची परत आणायची. आम्ही खूप हसलो. पण आण्णा म्हणाले, डबी मी नेतो, तुम्हाला काय तोशीस? स्टीलच्या डब्यात डिस्क, भोवती सुती फडकं आणि सोबत एक हळकुंड, असे ते महिन्याच्या महिन्याला एसटीनं निघायचे. कॉपी मात्र दिवस मावळायच्या आत व्हायला हवी, कारण मावळल्यावर आण्णा जेवत नाहीत, आणि कॉपी झाल्याशिवायही जेवत नाहीत.

यंदाच्या मोसमात पलूसकडचं एक मोठं लग्न आमच्याकडे आलं. रविवारी पूजेच्या मांडवात पडदा लावून सगळ्या भावकीला व्हिडिओ दाखवायचा होता. कडेगावचे ते वधूपिताही नात्यातले, समोरच बसणार होते. गुरुवारी सकाळी बाळासाहेबांनी आपल्या वाट्याचा हळदीचा कार्यक्रम कापून संपवला आणि सुट्या डिस्कच्या काळातली सवय म्हणून त्या लग्नाचं सगळं मूळ फुटेज पुसून टाकलं. "माझ्यातलं काढलं," ते समाधानानं म्हणाले.

त्यांच्यातलं म्हणजे सगळ्यांतलंच. चारी पडदे रिकामे झाले. शेजारच्या डब्यानं तासाभरात इमानदारीनं तेही पुसणं नकलून घेतलं. कॅमेऱ्याच्या कार्डांवर एव्हाना दुसरं लग्न लागलं होतं. बाळासाहेब तेच रिकामं फोल्डर पुन्हापुन्हा उघडून बघत राहिले. मला जिन्यावरची ती डिस्क दिसायला लागली.

आण्णा वर आले. ओरडले नाहीत, "सांगितलं हुतं" असंही म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त कॅलेंडरवर बघून आल्याचं सांगितलं. लग्न लागल्याच्या तिसऱ्या दिवशी ते खंडाळ्याला गेले होते.

"माल हाय. तुमी बसा. डबी माजी हाय, मीच आनतो."

ते दुपारच्या एसटीनं गेले आणि शुक्रवारी दुपारी परत आले. डबा टेबलावर ठेवला, झाकण काढलं आणि सवयीनं दोन पावलं मागे सरले. आम्ही चौघंही सरलो. आत पिवळट डाग पडलेली डिस्क होती. जोडली, तर वरात, हळद, अक्षता, सगळं लग्न जागच्या जागी! बाळासाहेबांनी भर स्टुडिओत आण्णांचे पाय धरले.

"आवो बाळासायेब, उठा. आदी किल्ली काडून घ्या सगळ्यांची," आण्णा म्हणाले.

रविवारी मांडवातल्या पडद्यावर अक्षता पडल्या तेव्हा कडेगावचे पाहुणे मागे वळून माझ्याकडं बघत हसले आणि धाकटीच्या लग्नाची तारीख तिथंच सांगून गेले. मी मागं आण्णांना शोधलं. ते प्रोजेक्टर भिंतीपासून पुढं ओढत होते.

संध्याकाळी सुजाताताईंचा फोन आला. व्हिडिओ झाला का विचारलं, मग घुटमळल्या.

"दादा, आई हुती तवा तीच यायची माज्याकडं. ती गेल्यावर आण्णा आलेच न्हाईत. लेकीच्या दारात बिनकामाचं जायचं न्हाई म्हनत्यात, जुनी मानसं. तुमची डबी सुरू झाल्यापासनं येत्यात. गुरुवारी ऱ्हायले, पोरांसंगं जेवले. एक इचारू? ती डबी महिन्यालाच का? आठवड्याला न्हाई व्हय धाडता येत?"

कडेगाव, कराड आणि विट्याची धूळ, सगळं एकदम उलगडलं. आम्ही हसलो होतो त्याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी खाली गेलो आणि शक्य तितक्या गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, "आण्णा, आराखड्यात चूक आहे. लग्नं वाढलीत. महिन्याला एक कॉपी पुरत नाही, दर आठवड्याला पाहिजे. तुम्हाला त्रास होईल, पण..."

आण्णांनी जाणकारासारखी मान हलवली. "मी कवापासनं म्हनतोय. माल येका जागी पडून ऱ्हायला नगं."

मग ते फिरणाऱ्या कॅलेंडरजवळ गेले. मी ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं आणि आण्णांनी लाल पेन्सिलीनं वर्षाचे उरलेले सगळे गुरुवार एकेक करून गोल केले.