उरलेला मजकूर

राजाराम नागवेकरांनी फोन ठेवला आणि घाईघाईनं दाराकडे पाहिलं.

"कोण होतं?" कोलंबी सोलता सोलता दमयंतीबाईंनी विचारलं.

"कुणी हरिश्चंद्र भाटकर. म्हणाला, 'मासिकात मनावर लिहायचात ते तुमीच ना? तुमचा लेख वाचून मी सरकारी नोकरीवर लाथ मारली ओ. घरीच थांबा, आलोच.' आणि फोन ठेवला!"

"मग येऊ दे की."

"अगं, माझ्यामुळं नोकरी गेली म्हणतोय तो!"

रत्नागिरीत 'मानसशास्त्र' म्हटलं की लोक वेड्यांच्या इस्पितळाकडे बोट दाखवत, त्या काळात नागवेकरांनी मुंबईच्या एका मासिकात 'मनाची नांगरट' हे सदर चालवलं होतं. सभेत पाय का कापतात, सासूशी कसं बोलावं, काही सोडलं नव्हतं. 'भीती ही आगंतुक पाहुणी, तिला पाट देऊ नका' हे त्यांचं वाक्य तेव्हा बरंच गाजलं होतं. मासिक बंद पडून जमाना झाला. आज मात्र ती पाहुणी स्वतःच पाट ओढून त्यांच्या छातीवर बसली होती. नोकरीवर आपण नक्की काय लिहिलं होतं? काही केल्या आठवेना.

त्यांनी दाराला कडी घातली, खिडक्या लावल्या आणि परसातून शेजारच्या बाळाला हाक मारली. बाळा म्हणजे एसटीतून निवृत्त झालेला धिप्पाड चालक. काठी घेऊनच आला.

"काका, मी हाय ना! घाट उतरलोय मी ब्रेक नसलेल्या गाडीतून. त्याची काय बिशाद!"

तेवढ्यात फाटक करकरलं. बाळानं खिडकीच्या फटीतून पाहिलं आणि तो काठीसकट स्वयंपाकघरात शिरला.

"काका, कोयता हाय त्याच्या हातात!"

नागवेकरांचे पाय कापू लागले. दारावर थाप पडली. "मास्तर! उघडा ओ!"

"अहो, दार वाजतंय," म्हणत दमयंतीबाईंनी ओल्या हातानं कडी काढलीसुद्धा.

दारात साठी उलटलेला एक गलेलठ्ठ गृहस्थ उभा होता. एका हातात कोयता, दुसऱ्या हातात शहाळ्यांचा घड. मागे तिशीची एक मुलगी. गृहस्थानं दोन्ही वस्तू खाली ठेवल्या आणि नागवेकरांच्या पायांवर लोटांगणच घातलं.

"देवमाणूस! बंदराजवळ बर्फाचा कारखाना हाय माझा. सगळी तुमची कृपा. ही माझी लेक, ऋतिका."

मग त्यानं पिशवीतून एक तसबीर काढली. काचेआड मासिकाचं तेलकट पान होतं.

"स्टँडवर भजी घेतली, ती या कागदात बांधून आलेली. तेव्हा मी कारकून. कचेरीत जीव नुसता कोंडायचा. आणि हे वाचलं!" त्यानं घसा खाकरला. "'ज्या खुर्चीत मन रमत नाही, तिथं एक दिवसही बसू नका. उठा, राजीनामा फेका!' दुसऱ्याच दिवशी फेकला."

पानाच्या तळाशी बारीक अक्षरात 'उरलेला मजकूर पुढील पानावर' असं छापलेलं नागवेकरांना दिसलं, आणि एकदम सगळं आठवलं.

"आता एक काम करा मास्तर," भाटकर म्हणाला. "ही बँकेतली नोकरी सोडतेय. भाट्याच्या खाडीत पर्यटकांना वल्ही मारायला शिकवणार म्हणे! तुमीच समजवा."

नागवेकरांचा जीव भांड्यात पडला. हा तर त्यांचा हातखंडा विषय. ते खुर्चीत सरसावून बसले. "हे बघ पोरी, 'उठा, राजीनामा फेका' असं म्हणणारे मित्र पुष्कळ भेटतील. त्यांच्यापासून सावध राहा! चुलीला उत्साह लागत नाही, लाकडं लागतात. मिळालेली नोकरी ही..."

ते रंगातच आले होते. ऋतिकानं हळूच तसबीर उचलली. पानावरची शेवटची ओळ वाचली, मग नागवेकरांकडे पाहिलं.

"आजोबा, हे याच्याच पुढचं आहे का?"

आत बाळाच्या धक्क्यानं पातेलं खणखणलं.

"म्हणजे?" भाटकरचा चेहरा हळूहळू लाल झाला. "तुमी मला नोकरी सोडू नको सांगत होतात?"

"हो... म्हणजे, एकंदर सूर तसा होता खरा."

भाटकर उठला. दोन पावलं पुढे आला. नागवेकरांनी डोळे मिटून घेतले.

"बाबा..." ऋतिका म्हणाली.

"चल," भाटकर म्हणाला.

"कुठं?"

"बँकेत. राजीनामा देऊन येऊ. मास्तरांचं सगळं ऐकलं असतं, तर आज कचेरीत खर्डेघाशी करूनच निवृत्त झालो असतो."

मोटारीचा आवाज दूर गेला. नागवेकरांनी दार लोटून घेतलं. मग जरा ताठ बसत म्हणाले, "काही म्हण, इतक्या वर्षांत माझा लेख पूर्ण ऐकणारं कुणीतरी भेटलं."

"भेटली ना," दमयंतीबाई पुन्हा कोलंबीकडे वळत म्हणाल्या. "म्हणून तर उलट करायला गेली."