परिचय मेळावा, तळमजला

"भूषण, शर्टनं वरलं बटन लाव. पोरीना बाप पहिले गळा देखस," चिंधा नानांनी मंगल कार्यालयाच्या फाटकातच मुलाला बजावलं.

"लावस नाना. पन हाऊ शेवटला मेळावा. यानापुढे मी कोठेच येवाव नही."

भूषण बत्तीस वर्षांचा. बारा एकर बागायत, दोन विहिरी, ट्रॅक्टर, व्यसन कसलं नाही. एवढं सगळं असून तो शेतकरी होता, आणि त्या एका दोषापुढे मुलींचे बाप बाकीचं काही वाचत नसत. धुळ्याकडचे सगळे मेळावे करून झाले, म्हणून नाना आणि भूषणची आई मंजुळाबाई त्याला घेऊन जळगावला आले होते.

दाराशी दोन फलक होते. नानांनी खिशातून चष्मा काढायचा कंटाळा केला, जवळच्या फलकावरचे 'परिचय मेळावा' हे दोन मोठे शब्द वाचले आणि तळमजल्यावर शिरले. त्या शब्दांच्या वर बारीक अक्षरांत 'जपानी राक्षसपट व विज्ञानपटांच्या चाहत्यांचा' आणि खाली 'वेशभूषा स्पर्धेसह' असं लिहिलेलं होतं. वधू-वरांचा मेळावा पहिल्या मजल्यावर होता.

टेबलाशी निळ्या केसांची मुलगी बसली होती. तिनं भूषणकडे पाहून विचारलं, "काका, यांचं कॅरेक्टर कोणतं?"

नाना तापले. "कॅरेक्टर? मना पोऱ्यानं कॅरेक्टर एकदम चोख शे, ताई! सुपारीबी खात नही. बठ्ठा गावले इचार!"

"तसं नाही हो. कोण बनून आलेत ते?"

"नवरदेव बनाले उना शे. दुसरं काय बनाव?"

मुलीला ही कल्पना नवी वाटली. तिनं भूषणच्या गळ्यात नंबराचा बिल्ला अडकवला. वधू-वर मेळाव्यातही असाच बिल्ला देतात, त्यामुळे नानांची खात्रीच पटली. भूषण काहीतरी सांगू पाहत होता, पण मुलाचं ऐकायचं कारण नानांना आजवर पडलं नव्हतं.

आत गेल्यावर मंजुळाबाईंनी पदर तोंडाला लावला. "आयका का! त्या पोऱ्याले शेपूट शे!"

"ऱ्हाऊ दे. नोकरी ऱ्हायनी म्हंजे शेपूट कोन देखस?"

भिंतीवर जुना जपानी सिनेमा चालू होता. डोंगराएवढा प्राणी पूल मोडत होता, इमारती पाडत होता. जपानी माणसं इस्तरीचे कपडे घालून व्यवस्थित पळत होती. नाना बराच वेळ पाहत राहिले. मग शेजारच्या पोराला म्हणाले, "नुकसानना पंचनामा कव्हय व्हस?"

"या सिनेमांत पंचनामा नसतो, आजोबा."

"मंग आपलाच देश शे हाऊ."

एवढ्यात मंचावर तीन शिंगांची, हिरव्या खवल्यांची एक आकृती आली. आवाज मुलीचा होता. "मी समुद्राच्या तळाशी झोपले होते. माणसांनी स्फोट केले, माझी झोपमोड झाली. आता मी शहरं तुडवते. भूक लागली की आगगाडी खाते."

"पोर खरं बोलस," नाना मंजुळाबाईंना म्हणाले. "मांगला मेळावास्मा बठ्ठ्या पोरी सांगेत, स्वयंपाकनी आवड शे."

मग भूषणचा नंबर पुकारला. नानांनी त्याला मंचावर ढकललं. भूषणला पाठ असलेलं एकच भाषण त्यानं मान खाली घालून म्हटलं, "मी भूषण. बारा एकर बागायत. मी शेतकरी आहे."

नाना नेहमीसारखे चपला शोधू लागले. आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"काय निरीक्षण आहे!" संयोजक माईकवर ओरडला. "राक्षसाच्या पावलाचा ठसा पहिल्यांदा कोण बघतो? शेतकरी! पहिला कोण तुडवला जातो? शेतकरी! सगळे राक्षस झाले, शेतकरी व्हायचं कुणाला सुचलं नाही. पहिलं बक्षीस!"

शेतकरी असल्याबद्दल भूषणला आजवर मिळालेलं हे पहिलंच कौतुक. तो इतका भारावला, की शिंगवाली "फोटोसाठी आडवे पडा ना" म्हणाली तेव्हा लगेच पडला. तिनं त्याच्या छातीवर पाय ठेवला.

"लगीननापहिलेच?" मंजुळाबाई पुटपुटल्या.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून एक गृहस्थ धापा टाकत खाली आले. हे लीलाधरराव, शिंगवालीचे वडील. "दिपमाला! वर तुझा नंबर पुकारून घसा बसला त्यांचा, आणि तू इथं माणसं तुडवतेस?"

दिपमालानं शिंगांचं डोकं काढलं. घामानं केस कपाळाला चिकटले होते. पाय मात्र तिथंच होता. "अप्पा, वरच्या सगळ्यांना माझा पगार विचारायचा होता. यांनी काहीच विचारलं नाही. बघा, पायाखाली आहेत तरी हसताहेत."

"करतो काय हा?"

"शेतकरी आहे. खराखुरा."

लीलाधररावांनी हाय खाल्ली. पण मुलीचा स्वभाव त्यांना ठाऊक होता आणि तिचा पाय समोर दिसतच होता. ते नानांकडे वळले, हात जोडले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "आमची हरकत नाही. तुमचं काय मत?"

मुलीच्या बापानं नानांना मत विचारलं होतं. नाना ताठ झाले. चष्मा काढून पुसला, डोळ्यांवर चढवला, राक्षसाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग आजवरच्या तमाम मुलींच्या बापांचा आवाज काढून शुद्ध मराठीत म्हणाले, "बघतो. घरी विचारून कळवतो."

"नाना!" पायाखालून भूषण कळवळला.

मंजुळाबाई तोंडावरचा पदर कमरेला खोचून नानांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"घर म्हंजे मीच ना? मंग इचारा आठेच!"