पाव सूर खाली

रॉक बँडचा लीडर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतो ते मला माहितीये. खांद्यापर्यंत केस, फाटकी जीन्स, दंडावर कवटी. पुसून टाका. त्यात तो ख्रिस्ती आहे म्हटल्यावर तुम्ही त्याच्या तोंडात इंग्लिश आणि हातात केक दिला असणार. तेही काढून घ्या. आमचे मिंगेल अंकल इस्त्रीचा शर्ट खोचतात, खिशाला दोन पेनं लावतात, डोक्यावर टक्कल बाळगतात आणि ठाण्यातल्या एका शाळेत सायन्स लॅबचे असिस्टंट आहेत. बोलतात मराठीच, तेही त्यांच्या जुन्या मिठागरवाल्या गावाचं. आता त्या गावाच्या चारी बाजूंना टॉवर आहेत आणि मध्ये कौलारू घरं, एक देऊळ, म्हणजे त्यांचं चर्च, आणि मिंगेल अंकल.

आणि हा माणूस गिटार देवळाच्या घंटेवर जुळवतो.

शाळेच्या लॅबमध्ये सूर देणाऱ्या नादकाट्यांचा अख्खा खोका याच माणसाच्या ताब्यात. मोबाईलमध्ये ट्यूनर फुकट मिळतो. पण नाही. संध्याकाळी सातला घंटा होते. तीन टोले, थांब, तीन टोले, थांब, तीन टोले. तेवढ्यात पाचवी तार जुळवायची, बाकीच्या तारा तिच्यावरून. सातच्या आत आपण पोचलो नाही तर त्या दिवशी प्रॅक्टिस बंद. मी आंबिवलीहून यायचो, मला किती वेळा परत पाठवलंय विचारू नका.

बरं, घंटा धड असती तरी चाललं असतं. ती तडकलेली आहे. तिचा सूर की-बोर्डच्या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत पडतो. त्यामुळे आमचा पूर्ण बँड जगाच्या पाव सूर खाली. दुसरा कुठलाही वादक येऊन आमच्यासोबत वाजवूच शकत नाही. त्याला वाटतं आपलंच काहीतरी बिघडलं.

मी एकदा विचारलेलं, "अंकल, घंटाच का?"

"आमची शेतं गेली, मिठागरं गेली, पोरं कॅनडाला गेली," ते तार पिळत म्हणाले. "ही हाय तिथंच हाय. मग कोणावर जुळवू? तुझ्यावर?"

बँडचं नाव 'राखेचा बुधवार'. त्यांचा उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो, कपाळाला राख लावतात, तो दिवस. पोस्टर लावलं की लोक विचारतात, शो शनिवारी आणि वर बुधवार कसा काय? बँडची कारकीर्द थोडक्यात अशी. कॅसेट निघाली तेव्हा लोक सीडी घ्यायला लागलेले. सीडी करायला घेतली, ती अर्धी झाली आणि बँड फुटला. मग बरीच वर्षं एकटे अंकल. मग ड्रमवर रॉनी आला, बेसवर मी. मला त्यांनी कल्याणच्या कॉलेजात मिमिक्री करताना ऐकलेलं. म्हणाले, "कान चांगला हाय. तोंड बंद ठेवशील तर वाजवशील."

घरी आई म्हणाली, "ते रॉक-बिक ठीक आहे रे निल्या, पण बाप्तिस्मा घेऊन येऊ नकोस." मी हे तसंच्या तसं, आईच्या आवाजात अंकलना ऐकवलं. अंकल म्हणाले, "आयेला सांग, आमच्याकडं आमचेच टिकत नाय. तुला घेऊन काय करू?"

गाणी सगळी देवाला उद्देशून, पण स्तुती नाही. एकात देव टॉवरच्या सातव्या मजल्यावर राहतो आणि गाणारा खाली वॉचमन आहे. वहीत रोज देवाचं नाव लिहून ठेवतो, देव काही खाली उतरत नाही. फादर म्हणतात, गाणी चांगली आहेत मिंगेल, फक्त देवाला दम देऊ नकोस. "मी दम नाय देत," अंकल म्हणतात. "चौकशी करतो."

विठ्ठलवाडीच्या एका सोसायटीने आम्हाला ऑर्केस्ट्रा समजून बोलावलेलं, तो किस्सा तर सांगायलाच हवा. कार्यक्रम सहाला. साडेपाचला अंकलची पाचवी तार तुटली. बाकीच्या तारांवरून ती जुळवायला अंकल तयार नाहीत. आता सूर आणायचा कुठून? सातच्या घंटेला दीड तास. अंकलनी गावात देवळाच्या सेवकाला फोन लावला, म्हणाले, फोन घंटेखाली धर आणि दोन टोले दे. त्या बिचाऱ्याने दिले. फोनच्या स्पीकरला कान लावून आम्ही तार जुळवली, एकदम फिट.

पण अवेळी घंटा वाजली म्हणजे गावात कुणीतरी गेलं. पाच मिनिटांत अख्खं गाव देवळाच्या दारात. कोण गेलं? कोणाच्या घरचं? एक म्हातारी तर काळा स्कार्फ बांधूनच आली. सेवक म्हणाला, कुणी नाय, मिंगेलची तार गेली. त्यानंतर महिनाभर लोक अंकलना रस्त्यात गाठून गिटारच्या दुखवट्याचं विचारत होते. इकडे विठ्ठलवाडीत आम्ही वॉचमनचं गाणं वाजवलं. कुणी नाचलं नाही. सोसायटीचा खरा वॉचमन मात्र गेट सोडून पुढे येऊन उभा राहिला आणि संपेपर्यंत हलला नाही. अंकल परतताना एवढंच म्हणाले, "चला. एक तरी आला."

तर आता बँड फुटला कसा ते. हे मला रॉनीने सांगितलं. अंकलसोबत आधी पास्कोल नावाचे एक गायचे. शाळेपासूनची जोडी. सीडीसाठी दोघं डोंबिवलीच्या एका स्टुडिओत गेले. तिथला माणूस हेडफोन काढून म्हणाला, "काका, तुमचं सगळंच पाव सूर खाली आहे." अंकल म्हणाले, "आम्ही बरोबर हाय. जग वर गेलंय." पास्कोल म्हणाले, मिंगेल, एकदाच वर घे ना, जगाला ऐकू तर जाऊ दे आपलं. अंकलनी गिटार पेटीत ठेवली आणि निघून आले. झालं. बारा वर्षं. पास्कोल कल्याणला राहायला गेले. नाताळला नाही, लग्नाला नाही, मयताला नाही, एक शब्द नाही.

या मे महिन्यात एका गुरुवारी रॉनी प्रॅक्टिसला आला तो उभाच राहिला. पास्कोलच्या घशात गाठ निघालेली. मंगळवारी ऑपरेशन. डॉक्टर म्हणालेत, जीव वाचेल, आवाज जाईल. पुन्हा बोलणं नाही.

अंकल म्हणाले, "बरं." आणि आम्हाला गाणं सुरू करायला लावलं.

शुक्रवारी तेच. शनिवारी तेच. रॉनी म्हणाला, अंकल, एकदा जाऊन या ना. अंकल म्हणाले, "ठेका धर."

रविवारी मी जे केलं ते का केलं, मला नीट सांगता येत नाही. मला गप्प घर सहन होत नाही, एवढंच. जुनी कॅसेट माझ्या मोबाईलमध्ये होती. तिच्यात गाण्यांच्या मध्ये पास्कोल बोलतात, तो आवाज माझ्या जिभेवर बसलेला. मी अंकलच्या घरी लवकर पोचलेलो. अंकल पडवीत पाठमोरे बसून तारा पुसत होते. मी दारातून पास्कोलच्या आवाजात म्हटलं, "मिंगेल, चा ठेव."

मला वाटलं चप्पल येईल.

"ठेवलाय," अंकल म्हणाले. वळले नाहीत. तारा पुसतच राहिले. "साखर नाय टाकली अजून. तुला चालते का आता? डॉक्टर काय बोलतो?"

मी उंबऱ्यावरच टेकलो.

"मी येणार होतो रे. दोनदा आलेलो कल्याणला, दुर्गाडीच्या पुलापर्यंत. तिथं गाडी लावून उभा राहिलो. काय बोलायचं तेच सुचंना. तू बोलायचास, मी वाजवायचो. तुझ्याशिवाय बोलायची सवय कुठं हाय मला?" हातातलं फडकं थांबलं. "तुझा आवाज गेल्यावर मी कोणाशी भांडू?"

मी हुंदका दिला. तो माझ्याच आवाजातला निघाला.

अंकल वळले. मला बघितलं. एक शिवी नाही. उठून गॅस बंद केला, गिटार माझ्या पाठीला लावली आणि स्कूटर बाहेर काढली. भिवंडी बायपासने कल्याणच्या हॉस्पिटलकडे निघालो. दुर्गाडीच्या पुलावर स्कूटर जराशी हळू झाली. मी मागून म्हटलं, "अंकल, हिरवा आहे." सिग्नल तिथे नाहीच. पण ते गेले पुढे.

पास्कोल हॉस्पिटलच्या खाटेवर उशीला टेकून बसलेले. माझ्या डोक्यात कॅसेटवरचा तरुण माणूस होता, हे तर अंकलपेक्षा म्हातारे दिसत होते. अंकल पायाशी उभे राहिले. पास्कोल त्यांच्याकडे बघतायत, अंकल खाटेच्या दांड्याकडे. शेवटी अंकल म्हणाले, "हा पोरगा. तुझा आवाज काढतो."

"दाखव," पास्कोल म्हणाले. आवाज कोरड्या पानावर पाय पडल्यासारखा.

मी कॅसेटमधलं मिठागराचं गाणं म्हटलं.

"मीठ तोडून बापाच्या पायाला भेगा,
देवबापा, तू कधी चाललास का असा?"

जीव ओतून म्हटलं. प्रत्येक ओळीआधी पास्कोल एक छोटासा श्वास घ्यायचे, 'हं' असा, तोसुद्धा बरोब्बर घेतला. तो श्वास पकडायला मला दोन महिने लागलेले. संपल्यावर मी कौतुकाची वाट बघत उभा.

"तो श्वास कोणाचा?" पास्कोल म्हणाले.

"तुमचाच, अंकल."

"माझा? गाढवा, कान हाय का कांदा? माझा नाय तो, ह्याचा हाय. आमच्याकडं माईक एकच. ह्याचं तोंड माझ्या कानाशी. मी नेहमी ठेक्याआधी घुसायचो. म्हणून हा माझ्या कानात श्वास घ्यायचा. तो आला की मी सुरू. अख्खी कॅसेट तशी गायली. आन् तू दोन माणसांचा एक माणूस करून आलास!"

अंकल खिडकीकडे तोंड करून उभे होते. खिडकीबाहेर नुसती पाण्याची टाकी होती.

"परत म्हण," पास्कोल म्हणाले. "श्वास तू घेऊ नको. ज्याचा हाय तो घेईल."

अंकलनी खिडकी सोडली. मग खाटेला वळसा घालून उशाशी आले, वाकले आणि पास्कोलच्या कानाशी तोंड नेलं. मी घाबरून लगेच सुरुवात केली.

"अजून नाय!" दोघं एकदम ओरडले.

सिस्टर धावत आल्या. हे हॉस्पिटल आहे की नाका? परवा पेशंटच्या घशाचं ऑपरेशन आहे आणि तुम्ही त्यांना ओरडायला लावता? तुमचं वय काय, अक्कल आहे का, गिटार घेऊन आत सोडलं कुणी? सगळं माझ्याकडे बघून. मी कधी नव्हे तो मान खाली घालून ऐकून घेतलं. मध्येच एकदा वर बघितलं, म्हटलं हे दोघं तरी माझी बाजू घेतील.

दोघं खाटेवर खांद्याला खांदा लावून बसलेले आणि सिस्टरच्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होते.